विमानातून गॅमा सर्वेक्षण : झाडं मोजायची की झाडांखालची माती?

मृद्गंध
हवाई गॅमा सर्वेक्षण, म्हणजे जमिनीतून येणारे गॅमा किरण विमानातून मोजणं, म्हटलं की युरेनियमचा शोध एवढंच बहुतेकांच्या डोक्यात येतं. पण माती, पाणथळ जागा, बर्फ आणि अणुअपघातानंतरची जंगलं या सगळ्यांसाठी हे तंत्र गेली कित्येक दशकं वापरात आहे. मराठीत यावर तपशिलात लिहिलेलं फारसं दिसत नाही, म्हणून हा धागा.

मूळ गोष्ट थोडक्यात. दगडमातीत तीन नैसर्गिक किरणोत्सारी घटक असतात : पोटॅशियम-४०, युरेनियमची साखळी आणि थोरियमची साखळी (साखळी म्हणजे क्षय होताना एकातून दुसरा असे बनत जाणारे घटक). पोटॅशियमची रेषा, म्हणजे त्याच्या गॅमाची ठरावीक ऊर्जा, १४६० केईव्हीवर (केईव्ही हे ऊर्जेचं एकक) थेट दिसते. युरेनियम स्वतः ओळखू येईल असे गॅमा जवळपास देत नाही. त्याच्या साखळीतल्या बिस्मथ-२१४ ची १७६५ केईव्हीची रेषा मोजतात आणि त्यावरून युरेनियमचा अंदाज बांधतात. थोरियमचंही तसंच, तिथे थॅलियम-२०८ ची २६१४ ची रेषा. म्हणून नकाशावर 'समतुल्य युरेनियम' लिहिलेलं असतं. तो शब्द गाळू नये.

विमानात गॅमा टिपणारे सोडियम आयोडाइडचे लांबट स्फटिक असतात. एक स्फटिक साधारण १०×१०×४० सेंटिमीटर, म्हणजे ४.२ लिटरचा. असे आठ मिळून ३३.६ लिटर खाली पाहतात, आणि वर पाहणारे दोन वेगळे, हवेतल्या रेडॉनसाठी (युरेनियमच्या साखळीतला वायू). उंची ६० ते १०० मीटर, वेग सेकंदाला ५०-६० मीटर, नोंद दर सेकंदाला. १०० मीटरवरून उडताना निम्मा संकेत विमानाखालच्या १०० मीटर त्रिज्येतून येतो आणि ८०-८५ टक्के २०० मीटर त्रिज्येतून. खोलीचं म्हणाल तर कोरड्या मातीचा वरचा ३०-४० सेंटिमीटरचा थरच दिसतो, त्याखालचं काही नाही.

खनिजशोधाला ही उथळ नजर अडचणीची वाटते. मातीवाल्यांना मात्र हव्या त्याच थराची माहिती मिळते, कारण मुळं, ओल, धूप, सगळं तिथंच घडतं.

रानवाट
उत्तम धागा. एक सरळ प्रश्न. झाडं गॅमा किरण अडवतात. मग किती अडले हे मोजून उलट दिशेने जंगलाचा बायोमास (झाडांचं एकूण वजन) काढता येईल का? सह्याद्रीसारख्या ठिकाणी प्लॉट टाकून झाडं मोजणं फार कष्टाचं आहे, म्हणून विचारतोय.

अणुरेणू
@रानवाट, कल्पना सुचण्यासारखी आहे, पण आकडे मांडले की ती टिकत नाही. मांडूनच दाखवतो.

हवेतून जाताना गॅमा मोजणी दर मीटरला साधारण ०.७ टक्क्यानं घटते. पोटॅशियमसाठी थोडी जास्त, थोरियमसाठी थोडी कमी. म्हणजे १०० मीटरला मोजणी निम्मी. आता गॅमाला समोर हवा आहे की लाकूड याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. वाटेत दर चौरस मीटरला किती किलो पदार्थ आहे, तेवढंच तो पाहतो. ५० मीटर हवा म्हणजे चौरस मीटरला ६० किलो. दाट सदाहरित जंगलात जमिनीवरचा ओला बायोमास हेक्टरी ५०० टन धरा. ते झाले चौरस मीटरला ५० किलो, म्हणजे सुमारे ४० मीटर हवेइतके. मोजणीत घट साधारण २५ टक्के. आकडा लहान नाही, म्हणूनच मोह होतो.

आता मातीची ओल. पाणी त्याच वजनाच्या मातीपेक्षा १.११ पट जास्त अडवतं, कारण हायड्रोजनमुळे ग्रॅममागे इलेक्ट्रॉन जास्त. कोरड्या मातीच्या वजनाच्या १० टक्के असलेली ओल ४० टक्क्यांवर गेली तर मोजणी १११ ला १४४ या प्रमाणात खाली येते, म्हणजे २३ टक्के घट. मे महिना आणि ऑगस्ट यांतला फरक एवढा सहज असतो. थोडक्यात, एका पावसाळ्याची ओल आणि अख्खं जंगल यांची सावली सारखीच पडते. त्यात खालचा खडक बदलला तर पोटॅशियम पाचपट-दहापट इकडेतिकडे होतं. तीन अज्ञातं आणि समीकरण एक. बायोमाससाठी लायडार (लेझरनं उंची मोजणारं यंत्र) वापरा, ते काम त्याचं आहे.

आणखी एक. पानगळ झाल्यावर उडावं म्हणजे जंगल पारदर्शक होतं, असं बऱ्याचदा सांगितलं जातं. पानांचं ओलं वजन चौरस मीटरला फार तर दीड-दोन किलो, म्हणजे दीड-दोन मीटर हवा. नगण्य. अडवतात ती खोडं आणि जाड फांद्या, त्या बारा महिने जागेवरच असतात. कोरड्या दिवसांत उडायचं ते मातीच्या ओलीसाठी.

मृद्गंध
+१. आणि यात झाडांचं स्वतःचं पोटॅशियमही धरा. वाळलेल्या लाकडात ०.२ टक्के पोटॅशियम मानलं आणि चौरस मीटरला ३० किलो वाळलेलं लाकूड, तर ६० ग्रॅम पोटॅशियम झाडात उभं आहे. एक टक्का पोटॅशियमच्या मातीत वरच्या ३० सेंटिमीटरमध्ये साडेचार किलो असतं, तिथे हे ६० ग्रॅम कुठल्या कुठे हरवतं. पण ०.१ टक्क्याच्या जांभ्या मातीत एकूणच ४५० ग्रॅम. तिथे झाडांचा वाटा दहा टक्क्यांच्या वर जातो. शिवाय ते पोटॅशियम मातीखाली दबलेलं नाही, त्यामुळे प्रत्यक्ष परिणाम त्याहून जास्त. कोकणात देवराईवर पोटॅशियम किंचित वाढलेलं दिसलं तर लगेच माती सुपीक असा निष्कर्ष काढू नये.

जांभाकातळ
कोकणाचा विषय निघालाच आहे तर इथे थांबून लिहितो, कारण आपल्याकडे या तंत्राचा खरा उपयोग मला इथे दिसतो.

दख्खनचा बेसाल्ट मुळातच या तिन्ही घटकांत गरीब. पोटॅशियम अर्धा टक्का, युरेनियम अर्धा पीपीएम (पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक भाग), थोरियम दोन पीपीएम असं धरलं, तर जमिनीपासून एक मीटरवर किरणोत्साराची मात्रा येते तासाला साधारण १४ नॅनोग्रे (ग्रे हे मात्रेचं एकक). (एक टक्का पोटॅशियमला १३.१, एक पीपीएम युरेनियमला ५.७ आणि एक पीपीएम थोरियमला २.५, असे हे गुणक आहेत.) ग्रॅनाइटला हाच हिशोब शंभराच्या वर जातो.

बेसाल्ट कुजून मुरूम होतो, मुरमाची माती होते, आणि भरपूर पावसात शेवटी जांभा होतो. या प्रवासात पोटॅशियम पाण्याबरोबर निघून जातं. थोरियम मात्र लोहाच्या ऑक्साइडांना आणि चिकणमातीला चिकटून मागे राहतं. त्यामुळे सड्यावरच्या (सपाट कातळमाळावरच्या) जांभ्यात पोटॅशियम जवळजवळ शून्य आणि थोरियम मूळ खडकापेक्षा वाढलेलं. थोरियम भागिले पोटॅशियम हे गुणोत्तर घेतलं की जुना, झिजून गेलेला पृष्ठभाग कुठला आणि उतारावर नव्यानं उघडा पडलेला मुरूम कुठला, हे वेगळं दिसतं. ऑस्ट्रेलियात याच तत्त्वावर, उंचसखलपणाची माहिती जोडून, सगळ्या खंडाचा झिजेच्या तीव्रतेचा नकाशा तयार झाला आहे. तिथे देशभरची जुनी-नवी सर्वेक्षणं एका मापावर आणण्यासाठी २००७ मध्ये ७५ किलोमीटर अंतरानं लांबच लांब रेषा उडवल्या, आणि २००९ मध्ये एकसंध रेडिओमेट्रिक नकाशा प्रसिद्ध केला.

गुणोत्तराचा दुसरा फायदा : ओल आणि झाडं पोटॅशियम-थोरियम दोघांनाही जवळपास सारखंच दाबतात, त्यामुळे भागाकारात तो परिणाम बराचसा कटतो. पूर्ण नाही, कारण कमी ऊर्जेचं पोटॅशियम थोडं जास्त दबतं. पण जंगलात सुटे आकडे वाचण्यापेक्षा गुणोत्तर वाचणं कधीही चांगलं.

अडचण अशी की बेसाल्टवर मोजण्या फार थोड्या मिळतात. ३३ लिटरच्या संचाला ८०-१०० मीटरवर एक टक्का पोटॅशियममागे सेकंदाला ढोबळमानाने ८०-१०० काउंट (टिपलेले गॅमा किरण) मिळतात. ०.३ टक्क्याला पंचवीस-तीस. तीसचं वर्गमूळ साडेपाच, म्हणजे एका सेकंदाच्या नोंदीत १८ टक्के चूक फक्त आकडेवारीची. थोरियमला त्याहून वाईट, आठ-दहा काउंट. युरेनियम तर हवेतल्या रेडॉनमध्ये बुडून जातं. उपाय दोन : वेग कमी ठेवून हेलिकॉप्टरनं खालून उडणं, किंवा पाच-सहा सेकंदांची सरासरी घेणं. विमानात दुसरा उपाय केला की २५०-३०० मीटरचा पट्टा एकच आकडा होतो. लहान सडे त्यात विरघळतात.

रानवाट
अणुरेणू, हिशोब पटला. बायोमासचा नाद सोडला. मग जंगलावर उडवलेल्या सर्वेक्षणात झाडांची दुरुस्ती कशी करतात? आणि केलीच नाही तर काय बिघडतं?

अणुरेणू
बिघडतं ते आधी सांगतो, कारण यात एक चूक वारंवार होते. रडार उंचीमापक दाट छपरावरून परावर्तन घेतो. जमीन ८० मीटर खाली असताना तो ६० दाखवतो. प्रक्रिया करणारा समजतो की विमान खाली आलं होतं, म्हणून तो मोजणी कमी करून ८० मीटरच्या पातळीला आणतो. वीस मीटरची ही चूक १३ टक्के घट देते. त्यावर झाडांची स्वतःची २५ टक्के. ०.८७ गुणिले ०.७५, म्हणजे ०.६५. तीच माती जंगलात ३५ टक्के गरीब दिसते. नकाशावर जंगलाची हद्द खडकाची हद्द म्हणून उमटते. हद्द सरळ असेल आणि वनखात्याच्या कंपार्टमेंटच्या रेषेशी जुळत असेल, तर भूगर्भशास्त्र बाजूला ठेवा आणि आधी उंचीची फाइल उघडा.

दुरुस्ती अशी : उंची रडारवरून न घेता उपग्रह-स्थाननिश्चितीनं विमानाची उंची घ्यायची आणि त्यातून लायडारच्या शेवटच्या परावर्तनावरून केलेला जमिनीचा आराखडा वजा करायचा. मग ती उंची तापमान आणि दाबाप्रमाणे प्रमाण हवेत (ठरावीक तापमान-दाबाच्या हवेत) बदलायची. ३५ अंश सेल्सिअस आणि ९५० हेक्टोपास्कलला प्रत्यक्षातले ८० मीटर प्रमाण हवेत ६६.५ मीटरच भरतात. ही पायरी गाळली तर उन्हाळी दुपार आणि हिवाळी सकाळ एकाच नकाशावर जुळत नाहीत. त्यानंतर बायोमासचा नकाशा असेल तर त्याचे 'हवेचे मीटर' करून उंचीत मिळवायचे. खोडं एकसारखी पसरलेली नसतात, मधून मोकळ्या फटी असतात, त्यामुळे प्रत्यक्ष घट हिशोबापेक्षा थोडी कमी निघते. म्हणून एकाच खडकावर जंगल आणि लगतचं मोकळं रान अशा दोन-चार जोड्या निवडून गुणक तिथे तपासून घ्यावा.

बर्फपीट
फिनलंडच्या बाजूची भर घालतो. इथे भूगर्भ सर्वेक्षण संस्थेनं १९७२ ते २००७ या काळात सगळा देश २०० मीटर अंतराच्या रेषांनी, ३०-४० मीटर इतक्या कमी उंचीवरून उडून मोजला. विद्युतचुंबकीय आणि चुंबकीय मापनं त्याच विमानात. इतक्या खालून उडता आलं ते सपाट भूभागामुळे. सह्याद्रीच्या कड्यांवर याची नक्कल करता येणार नाही.

सर्वांत जास्त उपयोग पीटचा. पीट म्हणजे दलदलीत अर्धवट कुजून साठलेलं वनस्पतिजन्य द्रव्य, वजनाचा ९० टक्क्यांच्या आसपास भाग पाणी. स्वतःत किरणोत्सार जवळपास नाही, आणि खालून येणाराही अडवतं. अर्धा मीटर ओलं पीट ९० टक्क्यांहून जास्त गॅमा खातं. त्यामुळे नकाशावर पीट काळ्या डागासारखं उठून दिसतं. जंगल वर वाढलेलं असलं तरी दिसतं, जिथे उपग्रहाच्या चित्रात फक्त झाडांचे शेंडे येतात. आयर्लंडमध्येही टेलस या हवाई सर्वेक्षणाची ६० मीटर उंचीवरची माहिती पीटच्या हद्दी आखायला वापरली गेली.

मात्र याची मर्यादा नीट समजून घ्या. साठ सेंटिमीटरच्या पुढे संकेत संपलेला असतो. एक मीटर पीट आणि पाच मीटर पीट सारखेच दिसतात. हद्द मिळते, जाडी नाही. कार्बनसाठ्याचा आकडा काढायचा तर सळई खुपसून खोली मोजणं किंवा जमिनीतलं रडार याला पर्याय नाही. आणि काळा डाग म्हणजे पीटच, असंही नाही. पाणी साचलेली क्वार्ट्झची वाळूही तशीच दिसते, तळं तर दिसतंच.

बर्फाचा वापर अमेरिकेच्या नोआ या हवामान-महासागर संस्थेचा. १५० मीटरवरून ठरलेल्या, साधारण १६ किलोमीटरच्या रेषा आधी शरद ऋतूत बर्फ नसताना उडायच्या, मग त्याच रेषा हिवाळ्यात. दहा सेंटिमीटर पाण्याइतका बर्फ म्हणजे जवळपास ९० मीटर हवा, मोजणी निम्म्यावर. घट वाचली की हिमपाणी, म्हणजे बर्फात साठलेलं पाणी, कळलं. ज्या रेषांवर दाट जंगल आहे तिथे झाडांचा हिशोब वेगळा करावा लागतो, नाहीतर चूक वाढते. आणि पहिला बर्फ पडायच्या आत जोरदार पाऊस झाला तर शरदातला ओलीचा आकडा शिळा होतो.

मृद्गंध
आता अणुअपघाताकडे वळू. वनशास्त्राला या तंत्राची सर्वांत जास्त गरज तिथे भासली.

एप्रिल १९८६ च्या शेवटी चेर्नोबिलचा ढग स्वीडनवर असताना गेव्हलेच्या परिसरात पाऊस पडला आणि अणुभट्टीतलं किरणोत्सारी सीझियम-१३७ जमिनीवर उतरलं, काही ठिकाणी दर चौरस मीटरला १०० किलोबेकरेलच्या वर (बेकरेल हे किरणोत्साराचं एकक). खनिजशोधाची विमानं तयारच होती, ती मे महिन्यात देशभर उडवली गेली. कुठल्या जंगलातल्या रेनडियरचं मांस आणि कुठली अळिंबी तपासायची, हे ठरवायला असा नकाशा लागतो. रेनडियर दगडफूल खातात, आणि दगडफूल हवेतून पडलेलं थेट धरून ठेवतं.

सीझियमची रेषा ६६२ केईव्हीवर आहे. बिस्मथ-२१४ ची एक रेषा ६०९ वर. सोडियम आयोडाइडची विभेदनक्षमता तिथे ७-८ टक्के, म्हणजे सुमारे ५० केईव्ही. दोन्ही एकमेकांत मिसळतात. म्हणून पूर्ण वर्णपट (प्रत्येक ऊर्जेला किती गॅमा आले याची नोंद), निदान २५६ चॅनल, नोंदवलेला असायला हवा. जुन्या सर्वेक्षणांत फक्त चार खिडक्यांचे (ठरावीक ऊर्जापट्ट्यांचे) आकडे ठेवले असतील तर त्यातून सीझियम मागाहून काढता येत नाही.

सीझियम उवाच
@मृद्गंध, फुकुशिमाबद्दल लिहिणं गरजेचं आहे, कारण त्या प्रांताचा सुमारे ७० टक्के भाग जंगल आहे. २०११ च्या मार्चपासून अमेरिकी आणि जपानी यंत्रणांनी तिथे विमानं-हेलिकॉप्टरं उडवली, पुढे जपाननं ती मोजणी नियमित चालू ठेवली, आणि निर्मनुष्य हेलिकॉप्टरवर लँथॅनम ब्रोमाइडचे शोधकही लावले. शेतं आणि वस्त्या साफ केल्या, पण जंगलाची सफाई घरांपासून साधारण वीस मीटरच्या पट्ट्यापुरतीच राहिली. उरलेलं सगळं नजरेखाली ठेवायचं काम मोजणीवरच पडलं.

नकाशे वाचताना दोन चुका टाळा. पहिली : पहिल्या तीन वर्षांत मात्रा झपाट्यानं घटली म्हणून सीझियम जंगलातून वाहून गेलं असं समजणं. सुरुवातीला सीझियम-१३४ आणि १३७ जवळपास सारखे होते. १३४ चं अर्धायुष्य दोन वर्षं, आणि बेकरेलमागे त्याची मात्रा १३७ च्या अडीच-तीन पट. नुसत्या क्षयानंच तीन वर्षांत मात्रा निम्म्यावर येते. पाणी, धूप यांचा वाटा काढायचा तर आधी ही घट वजा करा.

दुसरी चूक खोलीची. सुरुवातीला सीझियम सुगी आणि हिनोकी या सूचिपर्णी झाडांच्या शेंड्यांत अडकलेलं, म्हणजे विमानाला जवळ. मग ते पालापाचोळ्यात उतरलं, तिथून मातीच्या वरच्या काही सेंटिमीटरमध्ये. साठा तेवढाच राहिला तरी वरची मोजणी घटते, कारण वाटेत आधी झाडं आणि मग माती येते. जमिनीवर दर काही वर्षांनी थराथरानं माती काढून खोलीचा आराखडा केला नाही, तर हवाई आकडा किलोबेकरेलमध्ये बदलताना चुकीचा गुणक लागतो.

रानवाट
पावसानंतर उडू नये असं वाचलं. जमीन ओली असते म्हणूनच ना? मग सड्यासारख्या पाणी लगेच निघून जाणाऱ्या जागी चालेल का?

अणुरेणू
ओल हे एक कारण, पण मोठं कारण दुसरं. रेडॉनची अपत्यं हवेतल्या धुळीला चिकटलेली असतात. पाऊस ती धुऊन जमिनीवर आणतो आणि बिस्मथ-२१४ चा पातळ थर पसरतो. युरेनियमचा नकाशा त्या दिवशी भलतंच दाखवतो, खऱ्या आकड्याच्या कित्येक पट. बिस्मथ-२१४ चं अर्धायुष्य २० मिनिटं, त्याच्या आधीच्या शिसे-२१४ चं २७. म्हणून पाऊस थांबल्यावर निदान तीन तास थांबतात. सड्यावर पाणी निघून गेलं तरी हा थर कातळावर राहतोच, त्यामुळे तीन तास तिथेही लागतात. पहाटे दरीत हवा थिजून रेडॉन साचतो, तोही त्रास देतो. दरीतली उड्डाणं ऊन तापल्यावर, वारा सुटल्यावर.

जांभाकातळ
उपकरणाचंही सांगून ठेवतो. हे स्फटिक ओल शोषतात आणि तापमानाच्या झटक्यानं तडकतात. उष्ण धावपट्टीवरून एकदम थंड हँगरमध्ये पेटी नेऊ नये, इन्सुलेशनच्या पेटीतच ठेवावी. तडा गेला की थोरियमचं शिखर रुंद होतं, कधी त्याला दोन टोकं येतात. रोज उड्डाणाआधी आणि नंतर प्रत्येक स्फटिकाचं शिखर वेगळं पाहायचं. आठांची बेरीजच पाहिली तर एक बिघडलेला स्फटिक लपून राहतो.

भारतात परमाणु खनिज निदेशालयानं कित्येक दशकं, आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं २०१७ पासूनच्या राष्ट्रीय हवाई कार्यक्रमात, गॅमा माहिती गोळा केली आहे. उद्देश खनिजांचा होता, पण वरचा ३० सेंटिमीटरचा थर तोच. वनसंशोधनासाठी माहिती मागताना रंगीत नकाशा मागू नका. रेषेवरच्या नोंदी, उंची, तापमान, दाब आणि उड्डाणाची तारीख मागा. तारखेवरून त्या आठवड्याचा पाऊस शोधता येतो. नकाशावर तो दिसत नाही.

रानवाट
शेवटचं. जमिनीवर पडताळणी किती ठिकाणी करायची? हाती धरायचा वर्णपटमापी मिळू शकतो.

मृद्गंध
हातातल्या यंत्राला, म्हणजे साधारण ७.५ सेंटिमीटरच्या स्फटिकाला, जमिनीवर ठेवलं की मीटरभर त्रिज्याच दिसते. विमानाची एक नोंद काही हेक्टरची. त्यामुळे एका ठिकाणचा आकडा विमानाशी ताडून 'जुळत नाही' म्हणणं बरोबर नाही. ३०० मीटरच्या चौकोनात २५-३० ठिकाणं घ्या, झाडाच्या बुंध्याला चिकटून नको, दर ठिकाणी पाच मिनिटं. बेसाल्टवर दहा. ओलीसाठी त्याच जागची माती डब्यात बंद करून वजन करा आणि १०५ अंशांवर वाळवून पुन्हा करा.

प्रयोगशाळेत युरेनियम मोजायचं असेल तर वाळवलेला नमुना हवाबंद करून तीन ते चार आठवडे ठेवावा. त्याआधी मोजला तर चाळताना निसटलेला रेडॉन परत भरलेला नसतो आणि आकडा कमी येतो. डब्याचं झाकण टेपनं नाही, इपॉक्सीनं बंद करा.